हिमलोट : दैव कीं अज्ञान ?

सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या आम्हां महाराष्ट्रीयांस डोंगराचा कोप म्हटला म्हणजे दरड आठवते. आषाढ-श्रावणांत दिवसचे दिवस पावसाची झड लागावी, उतारावरची माती पाण्यानें फुगावी, आणि एखाद्या रात्रीं किंवा सकाळीं गांवच्या गांव चिखलाखालीं गडप व्हावें, ही गोष्ट आमच्या परिचयाची आहे. २०१४ सालीं माळीण येथें आणि २०२३ सालीं इर्शाळवाडी येथें हेंच घडलें. परंतु डोंगर जसा पाण्यानें कोपतो तसाच तो हिमानेंही कोपतो, याची कल्पना मात्र आम्हांस पुस्तकांवरूनच करून घ्यावी लागते. आमच्या काव्यांत हिम येतें तें शुभ्रतेचें, शीतलतेचें आणि पावित्र्याचें उपमान होऊन. कापूर, कुंद आणि चांदणें यांच्या पंक्तीस तें बसलेलें असतें. ज्यांच्या घरांवर हें शुभ्र वैभव वर्षांतून पांच-सहा महिने टांगलेलें असतें, त्यांची त्याविषयींची भाषा निराळी आहे.

महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत पांडव हिमालय ओलांडून जात असतां एकामागून एक पडतात. प्रथम द्रौपदी पडते. मग सहदेव, नकुल, अर्जुन, आणि शेवटीं भीम. प्रत्येकाच्या पतनाचें कारण भीम विचारतो आणि युधिष्ठिर सांगतो. द्रौपदीचा ओढा अर्जुनाकडे अधिक होता. सहदेवास शहाणपणाचा, नकुलास रूपाचा, अर्जुनास शौर्याचा गर्व होता. पर्वतावर माणूस कां पडतो, या प्रश्नाचें हें फार जुनें उत्तर आहे : तो आपल्या पूर्वदोषानें पडतो. महाकवीस तेथें भूगोल सांगावयाचा नव्हता, नीति सांगावयाची होती. म्हणून त्या उत्तराची येथें चिकित्सा करण्याचें कारण नाहीं. परंतु पर्वतावरील मरणाचें कारण मरणाराच्या पापांत किंवा दैवाच्या लहरींत शोधावें, ही प्रवृत्ति एकट्या भारतवर्षाची नव्हे. आल्प्सच्या खोऱ्यांतील शेतकरीही शतकानुशतकें तेंच करीत आला. हें उत्तर हळूहळू कसें बदललें, पापाच्या जागीं बर्फाचा एक नाजूक थर कसा आला, आणि तरीही मनुष्यदोषाचा प्रश्न पुरता सुटला कां नाहीं, याचा इतिहास सांगण्याचा येथें विचार आहे.

उतारावर साठलेलें बर्फ एकाएकीं सुटून वेगानें खालीं येतें, त्यास हिमलोट म्हणतात. अवजड, ओलें बर्फ चिखलासारखें सरपटत येतें. कोरडें बर्फ सुटलें तर त्याचा वेग ताशीं शंभर-दोनशें किलोमीटरपर्यंत जातो आणि त्याच्यापुढें धांवणाऱ्या वाऱ्यानेंच झाडें उन्मळून पडतात. एवढें मोठें संकट डोळ्यांदेखत घडत असतां त्याचें निरीक्षण कोणीच केलें नसेल, असें कसें होईल ? इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास होऊन गेलेला ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो आल्प्सविषयीं लिहितांना सांगतो कीं, तेथें वरून घसरत येणारे हिमाचे प्रचंड तुकडे सबंध तांडाच्या तांडा दरींत लोटूं शकतात; कारण हिमावर हिम पडून गोठत जातें, त्याचे एकावर एक थर बनतात, आणि वरचे थर उन्हानें पुरते वितळण्यापूर्वींच खालच्यांपासून सहज सुटतात. ‘थर’ या एका गोष्टींत या विषयाचें सारें मर्म सांठविलेलें आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं तें कोणाच्या तरी ध्यानांत आलें होतें. आणि पुढें जवळजवळ अठराशें वर्षें तें पुस्तकांतच पडून राहिलें.

स्ट्रेबोच्याही आधीं पॉलिबिअस या इतिहासकारानें असेंच एक मार्मिक वर्णन लिहून ठेवलें आहे. इसवी सनापूर्वीं २१८ या वर्षीं कार्थेजचा सेनापति हॅनिबल हत्तींसह आल्प्स ओलांडून इटलींत उतरला. उतरणीवर मागील हिंवाळ्याचें जुनें, कठीण बर्फ शिल्लक होतें आणि त्यावर नुकतेंच नवें, मऊ बर्फ पडलेलें होतें. सैनिकांचे पाय नव्या बर्फांतून आरपार जात आणि खालच्या गुळगुळीत थरावर पोंचतांच घसरत. पॉलिबिअसनें आपण स्वतः तो पर्वत ओलांडून पाहिल्याचें सांगितलें आहे, आणि वर्णनाची बारकाई पाहतां तें खरें वाटतें. ऱ्होन नदी ओलांडली तेव्हां हॅनिबलजवळ अडतीस हजार पायदळ आणि आठ हजारांवर घोडेस्वार होते. इटलीच्या सपाटीवर उतरला तेव्हां वीस हजार पायदळ आणि सहा हजार घोडेस्वार उरले, असे त्याचे आंकडे आहेत. डोंगरी टोळ्यांचे हल्ले, उपासमार आणि हिम यांनीं मिळून हा कर वसूल केला. रोमच्या सैन्याशीं गांठ पडण्यापूर्वींच पर्वतानें आपली लढाई जिंकली होती.

सेनापति पर्वत एकदां ओलांडतो; गांवकऱ्यास तेथें जन्म काढावयाचा असतो. म्हणून हिमलोटाविरुद्धचा पहिला खरा उपाय ग्रंथकारांनीं नव्हे, गांवकऱ्यांनीं शोधला. स्वित्झर्लंडमधील अंडरमाट या गांवाच्या माथ्यावर त्रिकोणी आकाराचें एक रान आहे. १३९७ सालीं गांवानें एक लेख करून तें रान राखीव ठरविलें. त्यांतील काडीलाही कोणीं हात लावूं नये, असा निर्बंध घातला. दाट झाडीच्या बुंध्यांमध्यें बर्फ अडकून राहतें, त्याचे सलग थर बनत नाहींत, आणि झाडींतल्या उतारावर लोट सहसा सुटत नाहीं, हें त्या लोकांस अनुभवानें कळलें होतें. अशीं निर्बंधित रानें पुढें आल्प्सभर झालीं. शिलरनें १८०४ सालच्या ‘विल्हेल्म टेल’ नाटकांत एका बापलेकांच्या संभाषणांत याच रानांचें महत्त्व सांगितलें आहे. आमच्याकडील देवरायांची येथें सहज आठवण होते. फरक इतकाच कीं, देवराईचें रक्षण देवाच्या धाकानें झालें, आणि अंडरमाटच्या रानाचें रक्षण गांवाच्या ठरावानें झालें. ज्या गांवास आपलें मरण झाडाच्या एका फांदीस बांधलेलें दिसतें, त्यास पुष्कळदां देवाच्या धाकाची गरज उरत नाहीं.

तथापि अनुभवाबरोबर भ्रमही वाढत असतो. झुरिकच्या योसिआस सिमलर या पंडितानें १५७४ सालीं आल्प्सवर एक लॅटिन ग्रंथ लिहिला. बर्फांत वापरावयाच्या काठ्या, बुटांखालीं बांधावयाचे खिळे, डोळ्यांच्या रक्षणासाठीं काळे चष्मे, यांचें त्यांत शहाणपणाचें वर्णन आहे. हिमलोटाच्या वाटेनें पहांटे लवकर आणि मुकाट्यानें जावें, कारण क्षुल्लक आवाजानेंही लोट सुटतो, ही समजूत त्या काळीं सर्वत्र होती. यांतील पहांटेचा उपदेश खरा आहे. उन्हानें बर्फ ओलें होण्यापूर्वीं ती वाट मागें टाकलेली बरी. आवाजाचा भाग मात्र खोटा आहे. माणसाच्या ओरडण्यानें बर्फाच्या थरावर पडणारा दाब इतका क्षुद्र असतो कीं, त्यानें लोट सुटत नाहीं. ओरडणाऱ्याच्या पायांच्या भारानें मात्र तो सुटतो. शेंकडों वर्षें लोक तोंड मिटून चालत राहिले आणि पाय कोठें पडतो याचा विचार राहून गेला. खोट्या कारणाचा हाच मोठा धोका आहे. खरें कारण शोधण्याची निकड तें नाहींशी करतें.

या काळांतील एक हकीकत येथें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १७५५ सालच्या मार्च महिन्यांत पीडमाँटमधील बेर्गेमोलेत्तो नांवाच्या खेड्यावर हिमलोट कोसळला. एका कुटुंबांतील तीन स्त्रिया आणि एक लहान मुलगा गुरांच्या गोठ्यांत अडकले. गोठ्याचें छत खचलें, परंतु गव्हाणीपाशीं थोडी पोकळी राहिली. त्या काळोखांत शेळीच्या दुधावर त्या स्त्रिया ३७ दिवस जगल्या. मुलगा मध्येंच वारला. त्याच्या देहाशेजारीं त्यांनीं उरलेले दिवस काढले. एप्रिलच्या अखेरीस बर्फ खणीत आलेल्या आप्तांस त्या जिवंत सांपडल्या. तुरीनच्या इग्नात्सिओ सोमिस या वैद्यानें त्यांच्या प्रकृतीची चौकशी करून त्यावर एक निबंध लिहिला. या निबंधाचें महत्त्व असें कीं, लोकांनीं ज्यास ईश्वरी चमत्कार म्हटलें त्याविषयीं या माणसानें साधे प्रश्न विचारले : हवा कोठून आली ? दूध किती होतें ? थंडी किती होती ? चमत्कारापुढें हात जोडून झाल्यावर असे प्रश्न विचारणारा एक मनुष्य निघाला, आणि शास्त्राचा आरंभ तेथें झाला.

आल्प्सच्या घाटांतून प्रवाशांचा जीव वांचविण्याचें काम फार दिवस धर्मशाळांनींच केलें. ग्रेट सेंट बर्नार्डच्या घाटावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ८,१०० फुटांवर, अकराव्या शतकाच्या मध्यास स्थापन झालेला मठ आहे. तेथील साधु धुक्यांत वाट चुकलेल्यांस शोधावयास जात, आणि पुढें त्यांच्याबरोबर त्यांचे दांडगे कुत्रेही जाऊं लागले. त्यांतील १८०० ते १८१४ या काळांत होऊन गेलेला बॅरी नांवाचा कुत्रा चाळीस माणसें वांचविल्याबद्दल प्रसिद्ध आहे. त्याचें शरीर पेंढा भरून बर्न येथील संग्रहालयांत आजही ठेवलेलें आहे. चाळीस या आंकड्यांत दंतकथेचा अंश किती हें कोणी सांगावें ! परंतु मनुष्याच्या डोळ्यांस जें दिसत नाहीं तें कुत्र्याच्या नाकास कळतें, ही गोष्ट दंतकथा नव्हे. आजही हिमलोटाखालीं सांपडलेल्यांच्या शोधास शिकविलेले कुत्रे नेतात.

एकोणिसाव्या शतकांत मात्र या विषयाची पद्धतशीर चौकशी सुरू झाली, आणि ती करणारा वनाधिकारी होता हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. योहान कोआझ हा स्वित्झर्लंडचा पहिला मुख्य वननिरीक्षक. पिट्स बेर्निना या शिखरावर प्रथम पाऊल ठेवणारांपैकीं तो एक. म्हणजे बर्फाशीं त्याची ओळख केवळ कागदावरची नव्हती. कोणता लोट कोठून सुटतो, कोठवर येतो, किती वर्षांनीं येतो, त्यानें काय नेलें, या गोष्टींची नोंद खोऱ्याखोऱ्यांतील वनरक्षकांकडून त्यानें मागविली. १८८१ सालीं त्याचा स्विस हिमलोटांवरील ग्रंथ निघाला, आणि १९१० सालीं आंकडेवारीचा व बांधबंदिस्तीचा दुसरा. या नोंदींनीं एक मोठी गोष्ट सिद्ध केली : हिमलोट वाटेल तेथें येत नाहीं. त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. जो नदीप्रमाणें आपल्या पात्रांतून वाहतो, त्याला लहरी कसें म्हणावें ? दैवाचें साम्राज्य येथें प्रथमच नकाशावर आंखलें गेलें.

पण नकाशा असणें निराळें आणि तो मानणें निराळें. पहिल्या महायुद्धांत इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या फौजा आल्प्सच्या शिखरांवर समोरासमोर ठाण मांडून बसल्या होत्या. १९१६ सालच्या डिसेंबरांत दिवसांमागून दिवस बर्फ पडत राहिलें. मार्मोलादा पर्वतावर ग्रान पोत्स येथें ऑस्ट्रियन सैन्याच्या लांकडी बराकी शत्रूच्या तोफांपासून बचाव व्हावा म्हणून एका कड्याच्या आडोशास बांधल्या होत्या. गोळ्यांपासून ती जागा सुरक्षित होती. पण माथ्यावर बर्फाचा डोंगर होता. तेथील कप्तानानें धोका ओळखून छावणी हलविण्याची परवानगी वरिष्ठांकडे मागितली. ती नाकारण्यांत आली. १३ डिसेंबरच्या पहांटे लोट सुटला आणि अडीचशेंहून अधिक सैनिक झोंपेंतच गाडले गेले. त्या महिन्यांत दोन्ही बाजूंचे मिळून हजारों सैनिक याच रीतीनें मेले. या मृत्यूंस दैव म्हणावें काय ? ज्यास धोका दिसला त्याच्या हातीं अधिकार नव्हता, आणि ज्याच्या हातीं अधिकार होता त्यास धोका दिसत नव्हता. हिमलोटाच्या इतिहासांत हें पुढें पुनःपुन्हां घडलेलें दिसतें.

युद्धानंतर बर्फाच्या अंतरंगाचा शोध सुरू झाला. १९३६ सालीं गेरल्ड सेलिग्मन या इंग्रज अभ्यासकाचा हिमाच्या रचनेवरील ग्रंथ निघाला; आणि त्याच सालीं स्वित्झर्लंडमधील दावोस गांवाच्या माथ्यावर, वाइसफ्लूयोख येथें, एका लहानशा झोंपडींत कांहीं शास्त्रज्ञ बर्फाचे नमुने तपासूं लागले. त्यांत हेन्री बाडर हा स्फटिकांचा अभ्यासक होता आणि रॉबर्ट हेफेली हा मातीच्या भारवहनाचा अभ्यास केलेला स्थापत्यविशारद होता. मातीचें शास्त्र जाणणारा मनुष्य बर्फाकडे वळावा यांत नवल नाहीं. दरड आणि हिमलोट हीं एकाच कुळांतलीं भावंडें आहेत. १९३९ सालीं त्यांचा हिमाच्या रूपांतरावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि लवकरच त्या झोंपडीची संशोधनसंस्था झाली.

त्यांनीं जें दाखविलें तें थोडक्यांत असें. बर्फ पडलें म्हणजे तें स्वस्थ पडून राहतें अशी आपली समजूत असते. वस्तुतः तें सारखें पालटत असतें. जमिनीलगतचें बर्फ उबदार असतें, वरचें बर्फ निरभ्र थंड रात्रीं फार गार होतें. मग खालची वाफ वर चढूं लागते, आणि मधल्या कणांचें रूप बदलून ते जाड्या साखरेसारखे सुटेसुटे होतात. त्यांची एकमेकांवरील पकड जाते. कधीं पृष्ठभागावर दंवाचीं नाजूक पिसें उगवतात आणि पुढील हिमवर्षावांत तीं तशींच गाडलीं जातात. अशा दुबळ्या थरावर वाऱ्यानें आणून दाबलेल्या बर्फाची घट्ट लादी बसते. वरून सगळें सारखें, शुभ्र आणि शांत दिसतें. एखादा मनुष्य त्या लादीवर पाय ठेवतो; खालचा थर त्याच्या भारानें एका जागीं कोसळतो, आणि तो कोसळणें क्षणार्धांत उतारभर पसरतें. लादी दुभंगते आणि निघते. हें बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर घडतें. त्याहून सौम्य उतारावर बर्फ सहसा सुटत नाहीं, आणि फार उभ्या उतारावर तें साठण्यापूर्वींच थोडथोडें गळून जातें. म्हणजे ज्या उतारावर चालावेंसें वाटतें आणि घसरत जाण्यांत मौज आहे, नेमका तोच उतार घातक. स्ट्रेबोनें जो थर ओझरता पाहिला होता, त्याचें पोट या मंडळींनीं खणून दाखविलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर या संस्थेकडून हिमाच्या स्थितीचीं पत्रकें लोकांसाठीं निघूं लागलीं. परंतु १९५१ सालच्या जानेवारी-फेब्रुवारींत आल्प्सवर असा हिंवाळा आला कीं, एकट्या स्वित्झर्लंडमध्यें ९८ आणि ऑस्ट्रियांत १३५ माणसें हिमलोटांनीं मेलीं. ज्या अंडरमाटनें साडेपांचशें वर्षें आपलें रान जपलें, तेथेंही १३ माणसें दगावलीं. रान आपल्या उतारावरचें बर्फ धरतें. रानाच्याही वर, उघड्या माथ्यावर, सुटलेला लोट त्यास अडवतां येत नाहीं, आणि रानाबाहेरचे उतार तर उघडेच असतात. या धड्यानंतर माथ्यांवर पोलादी कुंपणांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि गांवांच्या नकाशांवर तांबडे-निळे पट्टे आंखून तांबड्यांत घर बांधण्यास बंदी झाली. याचा गुण आला. तथापि १९९९ सालच्या २३ फेब्रुवारीस ऑस्ट्रियांतील गाल्ट्यूर गांवावर आलेल्या लोटानें सुरक्षित समजल्या गेलेल्या पट्ट्यांत शिरून ३१ जीव घेतले. नकाशा मागील अनुभवावर आंखलेला असतो, आणि पर्वताची स्मृति आपल्या दप्तराहून मोठी असते.

आतां आपल्या हिमालयाकडे वळूं. येथें या इतिहासाची एक बोंचणारी बाजू पुढें येते. १९२२ सालीं एव्हरेस्टवर गेलेल्या ब्रिटिश मोहिमेनें दोन प्रयत्न फसल्यावर तिसरा करावयाचें ठरविलें. नुकतेंच पुष्कळ बर्फ पडलें होतें. ७ जून रोजीं जॉर्ज मॅलरी, हॉवर्ड सॉमरव्हेल आणि क्रॉफर्ड हे १४ भारवाहकांसह उत्तर खिंडीच्या उतारावर चढत असतां लादी सुटली. पुढचे तिघे इंग्रज वांचले. मागच्या दोऱ्यांवरील सात भारवाहक हिमभेगेंत लोटले जाऊन मेले. मॅलरीनें दोष आपल्याकडे घेतला. सॉमरव्हेलच्या मनास तर ही टोंचणी लागून राहिली कीं, मेले ते सगळे भारवाहकच. आपल्यांतला एखादा तरी त्यांच्याबरोबर जावयास हवा होता. पुढें १९३७ सालीं जून महिन्यांत नंगा पर्वतावर जर्मन मोहिमेच्या चौथ्या तळावर मध्यरात्रीच्या सुमारास लोट आला. सात जर्मन गिर्यारोहक आणि नऊ शेर्पा, असे १६ जण तंबूंतच गाडले गेले. ज्याचें नांव शिखराशीं जोडलें जावयाचें असतें तो निर्णय घेतो, आणि ज्याच्या पाठीवर ओझें असतें तो त्या निर्णयाचें मोल देतो. ग्रान पोत्सच्या बराकींत झालें त्याहून हें फार निराळें नाहीं.

हिमालयांतील खेड्यांचीं दुःखें मात्र मोहिमांच्या पुस्तकांत येत नाहींत. १९७९ सालच्या मार्चमध्यें लाहूलच्या खोऱ्यांत हिमलोटांनीं दोनशेंहून अधिक माणसें मेलीं. भारत सरकारनें १९६९ सालीं मनाली येथें हिम व हिमलोट यांच्या अभ्यासासाठीं संस्था स्थापन केली होती. २०२० सालीं ती संरक्षणविषयक भूमाहितीच्या नव्या संस्थेंत विलीन झाली. या संशोधनाची गरज सर्वांत अधिक आमच्या सैनिकांस आहे. १९८४ सालापासून सियाचिनच्या हिमनदीवर भारतीय सैन्य ठाण मांडून आहे, आणि तेथें शत्रूच्या गोळीपेक्षां हवेनें व हिमानें अधिक सैनिक नेले आहेत. पलीकडील बाजूस २०१२ सालच्या ७ एप्रिलला गयारी येथील पाकिस्तानी छावणीवर लोट येऊन १४० माणसें गाडलीं गेलीं. हिमास सरहद्द ठाऊक नसते. २०१६ सालच्या ३ फेब्रुवारीस सुमारें १९,६०० फुटांवरील आमच्या एका चौकीवर बर्फाचा कडा कोसळला आणि दहा सैनिक त्याखालीं सांपडले. त्यांत सातारा जिल्ह्यांतील एक शिपाई होता. शुश्रूषेचें काम करणारा. ज्या गांवास उन्हाळ्यांत पाण्याची चिंता, त्या मुलखांतल्या मुलास गोठलेल्या पाण्याच्या राशीखालीं मरण यावें, याहून दारुण तें काय ! सहा दिवसांनंतर पंचवीस-तीस फूट बर्फाखालून धारवाड जिल्ह्यांतील एक लान्स नायक जिवंत निघाला. सारा देश त्याच्यासाठीं प्रार्थना करीत होता. ११ फेब्रुवारीस दिल्लींत त्याचा प्राण गेला. बेर्गेमोलेत्तोच्या स्त्रियांस गोठ्याची पोकळी आणि शेळी लाभली होती. या जवानास केवळ स्वतःच्या प्राणांची चिकाटी होती.

येथवरच्या इतिहासावरून एखाद्यास वाटेल कीं, ज्ञान वाढलें म्हणजे धोका आपोआप कमी होतो. पट्टे आंखलेल्या गांवांपुरतें तें बहुतांशीं खरें आहे. पण आज हौसेनें बर्फांत जाणारांची स्थिति निराळी आहे. १९९३ सालापासून युरोपांत धोक्याची पांच पायऱ्यांची एकच मोजपट्टी आहे. रोजचें पत्रक कोणासही वाचतां येतें. तरीही लोक मरतात, आणि हौशी लोकांच्या अपघातांपैकीं बहुतेकांत लोट सोडणारा तो स्वतः किंवा त्याचाच सोबती असतो. पूर्वीं याच उतारावरून सुखरूप गेलों होतों, पुढें कोणाच्या तरी पावलांच्या खुणा आहेत, इतका खर्च करून आलों तें मागें फिरण्यासाठीं काय, चौघांत भित्रा कसें ठरावें, अशा विचारांनीं शहाणीं माणसें त्या लादीवर पाय ठेवतात. उतारानें दहादां क्षमा केली म्हणजे तो सुरक्षित ठरत नाहीं. दहाहि वेळां आपली चूक आपणांस कळली नाहीं, एवढेंच ठरतें.

मग युधिष्ठिराचें उत्तर अगदींच टाकाऊ होतें काय ? अर्जुन शौर्याच्या गर्वानें पडला आणि सहदेव शहाणपणाच्या गर्वानें पडला, हें वाक्य आजच्या अपघातांच्या अहवालांत घातलें तर फारसें विशोभित दिसणार नाहीं. बर्फाचा थर दुबळा होता हें खरें. पण त्यावर पाऊल पडलें तें कशामुळें, याचें उत्तर सूक्ष्मदर्शकांत सांपडत नाहीं. फक्त एवढें ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं, तो गर्व पुष्कळदां एकाचा असतो आणि पडतो दुसराच. सात भारवाहकांचा, ग्रान पोत्सच्या शिपायांचा, गोठ्यांतल्या त्या मुलाचा यांत कोणता दोष होता ? म्हणून मेलेल्याचें पाप शोधण्याची जुनी संवय टाकून, निर्णय कोणाचा होता आणि त्यास काय ठाऊक होतें, हें विचारण्याची नवी संवय लावून घेतली पाहिजे.

गढवालांत द्रौपदीच्या नांवाचें एक शिखर आहे, द्रौपदी का डांडा. २०२२ सालच्या ४ ऑक्टोबरला त्याच्या उतारावर गिर्यारोहण शिकणाऱ्या तरुणांच्या तुकडीवर लोट आला. सत्तावीस मृतदेह हातीं लागले, दोघांचा पत्ता लागला नाहीं. पांडवांपैकीं प्रथम पडली ती द्रौपदी. तिच्या नांवाच्या उतारावर आजचीं मुलें पडावींत, हा योगायोग मनास चटका लावून जातो.

महाभारतांत युधिष्ठिर पडलेल्यांकडे मागें वळून न पाहतां पुढें चालत राहिला. तो स्वर्गास निघाला होता; त्याचा मार्ग निराळा. परत घरीं यावयाचें आहे अशा वाटसरूस मात्र त्याचें अनुकरण करतां येत नाहीं. बर्फाखालीं गाडलेल्यांपैकीं पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलेले दहांतले नऊ वांचतात. अर्धा तास उलटला म्हणजे तिघांत एखादाच. मदत खालच्या गांवाहून येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. म्हणून पडलेल्यास वांचवूं शकतो तो त्याचा सोबतीच. मागें वळावें, धांवावें, आणि फावडें घेऊन खणावें, हाच तेथला धर्म.

आणि त्याच पर्वांतील एक गोष्ट वाटसरूनें जरूर उचलावी. सगळे पडल्यावरही युधिष्ठिरानें आपल्यामागून आलेल्या कुत्र्यास टाकलें नाहीं. त्याच्यावांचून स्वर्गांत जाण्यासही तो कबूल झाला नाहीं. बर्फांत मागें राहिलेल्यास टाकून पुढें जावयाचें नाहीं, ही शिकवण सेंट बर्नार्डच्या साधूंनीं दिली, सियाचिनवर सहा दिवस बर्फ फोडणाऱ्या जवानांनीं दिली. आणि तिचें बीज आमच्याच महाकाव्याच्या शेवटल्या पानांत आहे. दैवाची हद्द अजून पुष्कळ मोठी आहे, आणि ती शून्य कधींच होणार नाहीं. परंतु अंडरमाटच्या गांवकऱ्यांपासून वाइसफ्लूयोखच्या झोंपडीपर्यंत माणसानें ती पावलापावलानें मागें सारली आहे. यापुढें ती किती सरेल, हें बर्फापेक्षां आमच्यावरच अधिक अवलंबून आहे.